जळका वास आला? गाडी आधी बाजूला घ्या!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले सर्व चालक, गाडीमालक आणि श्रावणात आमच्या घाटांतून ये-जा करणारे पाहुणे, यांना कळकळीचं आवाहन

चालत्या गाडीत जळका वास आला, तर गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत रेटू नका. पुढच्या ढाब्यापर्यंतही नको. इंडिकेटर द्या, मोकळी जागा बघून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना खाली उतरवा. वास कशाचा, याचा शोध उतरल्यावर घ्यायचा. एवढं वाचून पान उलटलंत तरी निम्मं काम झालं. पण वेळ असेल तर पुढचंही वाचा. काही वासांवर अर्धा तास थांबणं हाच इलाज असतो, आणि काही वास आले की अर्धं मिनिटसुद्धा हातात नसतं. हा फरक चालकाला कळायलाच हवा.

हे आत्ताच का?

श्रावण तोंडावर आहे. रविवारच्या रात्रीपासूनच मंचर, घोडेगाव, डिंभे या रस्त्यानं भीमाशंकरकडे गाड्यांची रीघ लागेल. शनिवार-रविवारी ओतूर, मढ, खुबी फाटा ओलांडून माळशेजच्या धबधब्यांवर गर्दी उसळेल. ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरीची वर्दळ तर बारमाही. शिवाय नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेले पिकअप रातोरात माळशेज उतरून वाशी गाठायच्या घाईत असतात.

पोखरी घाटात रांग लागली की काय होतं, ते कधी कडेला उभं राहून बघा. गाडी दोन हात पुढं सरकते, थांबते, पुन्हा सरकते. चालक हँडब्रेक ओढत नाही. क्लच अर्धवट दाबून, ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर तशीच धरून ठेवतो. थोड्याच वेळात कागद जळाल्यासारखा उग्र वास येऊ लागतो. आतलं कुणीतरी म्हणतं, "पुढच्या गाडीचा असेल." काचा वर जातात, एसी वाढतो. आणखी दोन वळणं, आणि मग इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. त्या एका गाडीपायी मागची सगळी रांग खोळंबते.

"पुढच्या गाडीचा असेल", "रस्त्यावर डांबर टाकलं असेल", "कुणी पाचट पेटवलं असेल" ही तीन वाक्यं आपल्या भागात फार महाग पडतात. तोडणी झाली की पाचट खरोखरच पेटलेलं असतं, म्हणून फसायला होतं. यावर सोपी खूण आहे. ते शेत मागं पडलं आणि वास तरीही सोबत आला, तर तो तुमच्याच गाडीचा.

ऑक्टोबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्याजवळ एका द्राक्ष बागायतदाराचा स्वतःच्याच मोटारीत होरपळून मृत्यू झाला. शॉर्टसर्किटनं आग लागली आणि गाडीतल्या सॅनिटायझरनं ती भडकली असावी, असा तेव्हाचा प्राथमिक अंदाज होता. दारं लॉक झाल्यानं त्यांना बाहेर पडता आलं नाही, असं बातम्यांत आलं होतं. आपल्याकडच्या बागायतदारांच्या गाड्यांतही सॅनिटायझर, स्प्रे, औषधांचे डबे, पंपासाठी घेतलेला पेट्रोलचा कॅन असं काय काय पडलेलं असतं. घाटात आग लागली, तर बंब कुठूनही निघो, तो वर पोचेपर्यंत गाडीचा सांगाडा उरलेला असतो. म्हणून आग लागायच्या आधीची ती काही मिनिटं आपली आहेत. ती वासाच्या वेळीच वापरायची.

पहिली पाच मिनिटं

१. गाडी आधी थांबवा, मग चावी बंद करा. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर लागतो. उतारावर हे जिवावर बेतेल.

२. जागा बघून थांबा. माळशेजच्या बोगद्यात नको, वळणावर नको, पावसाळ्यात दरडीच्या कड्याखाली नको, आणि वाळलेल्या गवतावर तर मुळीच नको.

३. सगळ्यांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दारानं उतरवा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडत नाहीत. पुढच्या माणसानं उतरून ती बाहेरून उघडायची. सेंट्रल लॉक अडकलं तर आतलं हँडल लागोपाठ दोनदा ओढून बघा, बऱ्याच गाड्यांत दार उघडतं. नाहीच उघडलं तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूनं घाव घाला. पुढच्या मोठ्या काचेवर ताकद घालवू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण सुटत नाही.

४. शंभर फूट लांब जा. पिशव्या, मोबाइल, प्रसादाची परडी आणायला कुणीही परत जायचं नाही.

५. बॉनेटच्या फटीतून धूर येत असेल तर बॉनेट उघडू नका. आत कोंडलेल्या आगीला हवा मिळाली की भडका थेट तोंडावर येतो. अग्निशामक असेल तर खालून किंवा जाळीतून मारा. एक किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो, तेव्हा ज्वाळेवर न मारता आगीच्या बुडाशी मारा. तेवढ्यात विझली नाही तर मागं फिरा.

६. ११२ ला फोन लावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा नंबर लागू शकतो. जागा सांगताना "घाटात आहोत" एवढ्यावर थांबू नका. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आधीचं गाव सांगा.

कोणता वास, कशाचा?

धूर नाही, ज्वाळा नाही, नुसता वास आहे, अशा वेळी नाकावर विश्वास ठेवा.

जुने कागद जळाल्यासारखा वास चढावर आला, तर तो बहुधा क्लच प्लेटचा. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, ही त्याची दुसरी खूण. गाडी बंद करून अर्धा तास निवू द्या. नंतर निघताना हँडब्रेकवर गाडी धरा, फर्स्ट गिअर टाका, गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा, आणि पाय क्लचवरून पूर्ण काढा. रांगेत पुढच्या गाडीला चिकटू नका. दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदम पुढं जा. थंड झाल्यावरही गाडी ओढत नसेल तर प्लेट गेली. आता घाट चढायचा हट्ट सोडा.

उतारावर तिखट, नाकात झोंबणारा वास आला, तर ब्रेक तापलेत. हा वास हलक्यात घेऊ नका, कारण यापुढची पायरी म्हणजे ब्रेक न लागणं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, पण पाणी शोषलेलं तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट खाली जातं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. माळशेज उतरताना जुन्या चालकांचा नियम पाळा: ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच गिअरवर उतरायचं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे आपल्याच जिवाशी खेळतात. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर नुसता डीवर ठेवू नका, एल किंवा मॅन्युअलवर घ्या.

तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क तडकू शकते. अर्धा तास थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, आणि निघताना तो दगड आठवणीनं उचलून कडेला टाका. रात्री घाटात असे सोडून दिलेले दगड दुचाकीवाल्यांना पाडतात.

थांबलात की चारही चाकांजवळ हाताचा पालथा पंजा न्या. चाकाला हात लावू नका, वीतभर अंतरावरूनच धग कळते. चारही चाकं सारखीच तापली असतील तर दोष उतरण्याच्या पद्धतीत आहे. तीन कोमट आणि एकाची धग पंज्याला सहन होत नाही, असं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर जाम आहे किंवा बेअरिंग जातंय. पहिल्या प्रकारात निवल्यावर पॅडल टणक लागत असेल, तर हळूहळू जाता येतं. दुसऱ्यात गाडी टो करूनच न्यायची. आणि सपाट रस्त्यावर हा वास आला तर आधी हँडब्रेक बघा. फोटोला थांबून निघताना तो अर्धवट ओढलेला राहतो.

जळक्या रबराचा वास म्हणजे बेल्ट, पाइप किंवा टायर. बॅटरीचा लाल दिवा सोबत लागला असेल तर बेल्ट सुटला किंवा तुटला असं समजा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, मग इंजिनही तापतं. जादा माल भरल्यानं टायर मडगार्डला घासतोय का, हे पिकअपवाल्यांनी खाली वाकून बघावं.

प्लास्टिक किंवा वायर जळाल्याचा वास हा सगळ्यांत धोक्याचा. इथं अर्ध्या तासाची भाषा नाही. ताबडतोब गाडी बंद, माणसं खाली. धूर नसेल आणि दहा नंबरचा पाना हाताशी असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज मेकॅनिकनं बघून टाकावा. १० ॲम्पिअरच्या जागी ३० चा टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे गाडीचा राखणदार काढून टाकणं. फ्यूज जळायचा तिथं मग वायरिंग जळतं.

जळक्या ऑइलचा वास इंजिनच्या बाजूनं येतो, कधी निळसर धूरही दिसतो. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असतं. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवस आलेला वास सांडलेल्या ऑइलचा असू शकतो, पण ऑइलचं झाकण घट्ट बसवलंय ना, हे बघितल्याशिवाय तसं समजू नका.

गोडसर वास आणि वर चढलेला तापमानाचा काटा म्हणजे कूलंट गळतंय. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. अर्धा तास थांबा, मगच जाड फडक्यानं हळूहळू उघडा.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला तर दिवा, पंखा, बटण काहीही चालू-बंद करू नका. सीएनजीला मुद्दाम वास दिलेला असतो, तो तुम्हाला उतरवण्यासाठीच. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा आणि लांब जा. सीएनजी सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी सक्तीची आहे. त्याच्या प्लेटवरची तारीख आज बघा.

इलेक्ट्रिक गाडीखालून पांढरी वाफ किंवा औषधी वास आला, तर विझवण्याच्या भानगडीत पडू नका. लांब जा आणि बंबाला फोन करतानाच गाडी बॅटरीची आहे हे सांगा.

पाचट, गवत आणि उंदीर

आपल्या दोन तालुक्यांत आणखी एक वास आहे, जो शहरातल्या मेकॅनिकला चटकन सुचत नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाचं वाढं आणि पाचट सांडलेलं असतं. ते गाडीखाली अडकतं, सायलेन्सरला चिकटतं आणि धुमसायला लागतं. बीएस ६ डिझेल गाड्यांत तर ही भीती जास्त. त्यांच्या सायलेन्सरमधला फिल्टर साचलेली काजळी स्वतःच जाळून टाकतो, तेव्हा तिथलं तापमान सहाशे अंशांच्या घरात जातं. अशी गाडी शेतातून आणून थेट कांद्याच्या चाळीला टेकवून उभी करू नका. चाळीवर पाचटाचं छप्पर असेल तर गाडीसोबत वर्षाचा कांदाही जाईल. खळ्यात, कडब्याच्या गंजीजवळ, उन्हाळ्यात भीमाशंकरच्या अभयारण्याजवळच्या वाळक्या गवतावर, कुठंही असंच. गाडी मोकळ्या मातीवर किंवा डांबरावर लावा आणि खाली वाकून एकदा बघा.

दुसरी गोष्ट उंदरांची. ऊस तुटला की रानातले उंदीर घराकडे येतात आणि बॉनेटखालच्या उबेत मुक्काम ठोकतात. आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू करायच्या आधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यावर पाचटाची पाती, भुईमुगाची टरफलं, चिंध्या दिसल्या तर तिथल्या वायरी एकेक करून बोटांनी चाचपा. आवरण कुरतडून आतलं तांबं चमकताना दिसलं, तर त्या गाडीला चावी लावायची नाही. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्या.

रात्र, ऊस आणि बिबट्या

रात्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असताना गाडीत वास आला, तर उतरायचं की नाही? उतरायचंच. आगीशी तडजोड नाही. पण जुन्नर वनविभागात उतरायची रीत ठरलेली असावी. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा दिसतो, हे आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. म्हणून अंधारात एकट्यानं गाडीखाली वाकून बघू नका. सगळे एकत्र, ताठ उभे राहा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मध्ये घ्या. टॉर्च चालू ठेवा, मोठ्यानं बोला. आडोसा म्हणून उसाच्या कडेला जाऊ नका. पुणे-नाशिक महामार्गाच्या नवीन बायपासवर तर वस्ती, गॅरेज, टपरी काहीच नसतं, तिथं हे दुपटीनं पाळा.

ज्यांच्या हातात जास्त आहे, त्यांना

गॅरेजवाल्या दादांनो, गिऱ्हाईक हट्ट करतं म्हणून १००/९० वॉटचे बल्ब ६०/५५ च्या वायरिंगवर लावू नका. हॅलोजन, अँप्लिफायर, मोठा हॉर्न बसवायचाच असेल तर रिले आणि फ्यूज टाकल्याशिवाय बॅटरीवरून थेट वायर ओढू नका. श्रावणात दोन-चार जणांना मिळून घाटाच्या पायथ्याशी आळीपाळीनं बसता आलं, तर फार मोठं काम होईल.

हॉटेल आणि ढाबेवाल्यांनो, एक अग्निशामक काउंटरमागं टांगून ठेवा आणि तो कसा चालवायचा हे पोऱ्यांना दाखवून ठेवा.

पिकअप आणि वडापच्या चालकांनो, तुम्ही हा घाट रोज बघता. कडेला थांबलेली गाडी दिसली तर वेग कमी करून विचारा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव कोसळलेल्या डोंगराखाली गेलं, तेव्हा बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं एका एसटी चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर काहीतरी बिनसलंय हे रोज जाणाऱ्यालाच आधी दिसतं.

ग्रामपंचायतींनो, वाहनतळाची जागा ठरवताना वाळलेलं गवत आधी कापून घ्या आणि गाड्यांच्या दोन ओळींत बंब जाईल एवढी वाट सोडा.

आणि घराघरातल्या गाडीमालकांनो, एक सकाळ काढा. ब्रेक ऑइल कधी बदललं ते सर्व्हिसच्या वहीत बघा. बाहेरून बसवलेल्या वायरी तपासून घ्या. एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक घ्या आणि तो डिकीत न टाकता चालकाच्या सीटखाली घट्ट बसवा. त्याच्याजवळ काच फोडायची हातोडी ठेवा. डिकीतले स्प्रे, कॅन, डबे बाहेर काढा. घरात गाडी चालवणारे जेवढे आहेत, बायका-मुलींसकट, त्या सगळ्यांकडून हँडब्रेकवर चढावरून गाडी काढायचा सराव करून घ्या.

फोनमध्ये हे नंबर टाका: तातडीच्या मदतीला ११२, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, पुणे-नाशिक महामार्गावर १०३३, वनविभागासाठी १९२६. पहिला श्रावणी सोमवार यायच्या आत एवढं उरकून घ्या.